धाग्याला इपॉक्सी धरत नाही: द्रवस्फटिकी तंतूंच्या पृष्ठभागावरचा धागा

तानाबाना (नांदेड)

नमस्कार मंडळी. विषय वस्त्रतंत्राचा आहे, पण रसायनवाले आणि कंपोझिटवाले दोघेही इथेच भेटतात म्हणून इथे धागा काढतोय.

तंतू: व्हेक्ट्रान एचटी (उष्णतेनं मजबूत केलेला पॉलिएस्टर तंतू), १५०० डेनिअर (९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन), ३०० फिलामेंट (सुटे बारीक तंतू), पीळ नाही. रेझिन: बिस्फिनॉल-ए जातीचं साधं द्रव इपॉक्सी, हार्डनर ट्रायइथिलीन टेट्रामाइन, म्हणजे टेटा. प्रमाण १००:१०. प्रक्रिया: ॲसिटोनमध्ये बुडवून धुतला, वाळवला, मग हवेतल्या डीबीडी (विद्युतरोधक थरातून होणारा विद्युत डिस्चार्ज) प्लाझ्माखाली ३० आणि १२० सेकंद असे दोन नमुने.

अडचणी तीन. प्लाझ्मानंतर पाणी धाग्यावर छान पसरतं, पण मायक्रोड्रॉपलेट चाचणीत (फिलामेंटवर रेझिनचा थेंब कडक करून तो ओढून सोडवायचा) चिकटण्याची ताकद त्या मानानं वाढत नाही. १२० सेकंदवाला नमुना ३० सेकंदवाल्यापेक्षा कमी भरतो. आणि एकाच नमुन्याचे आकडे इतके विखुरतात की सरासरी काढण्यात अर्थ वाटत नाही.

प्लाझ्मा सोडून दुसरी वाट धरावी की आहे तीच नीट करावी?

निमॅटिक

वाट बदलण्याआधी आपण कशावर प्रक्रिया करतोय ते पाहू. अर्धं उत्तर तिथेच सापडेल.

केवलार आणि व्हेक्ट्रान दोन्ही द्रवस्फटिकातून (लिक्विड क्रिस्टल, म्हणजे वाहतो पण रेणू रांगेत असतात असा द्रव) येतात, पण जात वेगळी. केवलारचा पॉलिमर वितळतच नाही, तो तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून कातावा लागतो. स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ साली ड्यूपाँमध्ये द्रवस्फटिकी द्रावण सापडलं ते याच घराण्यातलं, लायोट्रॉपिक, म्हणजे द्रावणात द्रवस्फटिक होणारं. व्हेक्ट्रान थर्मोट्रॉपिक: नुसत्या उष्णतेनं वितळतो आणि वितळलेल्या अवस्थेतच त्याचे रेणू एका दिशेला लागलेले असतात. पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोइक आम्ल ७३ मोल टक्के आणि ६-हायड्रॉक्सी-२-नॅफ्थोइक आम्ल २७ मोल टक्के, असा हा पूर्ण अरोमॅटिक पॉलिएस्टर. नुसतं पहिलं आम्ल घेतलं तर पॉलिमर वितळण्याआधीच जळतो. नॅफ्थोइकचा वाकडा तुकडा मध्ये मध्ये पेरला की रचना बिघडते आणि २८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारा माल मिळतो.

कातल्यावर तो ओढावा लागत नाही. स्पिनरेटमधून (कातण्याच्या बारीक छिद्रांच्या चकतीतून) निघताना ताणातच रेणू लागून जातात. ताकद मात्र नंतर येते. वितळणबिंदूच्या थोडं खाली, नायट्रोजनच्या झोतात, तासन्‌तास तापवून. साखळ्यांची टोकं जोडली जातात, ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं, रेणुभार वाढतो आणि वितळणबिंदूही वर सरकतो, म्हणून भट्टीचं तापमान पायरीपायरीनं चढवतात. न तापवलेल्या तंतूची ताकद १.१ गिगापास्कलच्या घरात, तापवलेल्या एचटीची ३.२ आणि मॉड्युलस (ताठपणा) ७५ गिगापास्कल.

आता पृष्ठभाग. एस्टरचा ऑक्सिजन आहे, पण हायड्रॉक्सिल, अमाइन, मोकळं कार्बोक्सिल यांतलं जवळपास काही नाही. इपॉक्सीनं रासायनिक हात धरावा असं तिथे काही सापडत नाही. केवलारमध्ये शेजारच्या साखळ्या निदान हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असतात, इथे तेही नाही. लांबीच्या दिशेनं पोलाद, आडव्या दिशेनं केळीचं सोपट. हे सोपट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक हिशोब करून ठेवा, फार उपयोगी पडतो. पहिल्या घटकात ७ कार्बन, दुसऱ्यात ११, दोन्हीत ऑक्सिजन २. ७३:२७ नं सरासरी धरली तर कार्बन ८.०८, ऑक्सिजन २, म्हणजे ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तर ०.२५. तुमच्या ‘धुतलेल्या’ धाग्याचं एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणं) केलं आणि हे गुणोत्तर ०.१५ आलं, तर तुम्ही तंतू पाहत नाही आहात, त्याच्यावरचं तेल पाहत आहात. आणि प्लाझ्मानंतर ०.२५ आलं म्हणून ‘ऑक्सिजन वाढला’ असं लिहिलंत तर ते चूक. फक्त तेल निघालं.

बिडकीन_बीम

निमॅटिक सरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. ॲसिटोनमध्ये बुडवणं म्हणजे धुणं नव्हे. कातताना आणि भट्टीत फिलामेंट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जे फिनिश (तेलकट लेप) लावतात ते बुडवल्यावर विरघळतं, आणि बाहेर काढून वाळवलं की तेच परत धाग्यावर बसतं. फक्त आता असमान. आकडे विखुरण्याचं पहिलं कारण मला हेच वाटतं.

सॉक्सलेट लावा (ताज्या द्रावकानं पुन्हा पुन्हा धुणारं काचेचं उपकरण). धागा स्टेनलेस जाळीच्या चौकटीवर सैल गुंडाळा (प्लास्टिकच्या रिळावर नको), ॲसिटोननं ६ ते ८ तास, मग नवीन आयसोप्रोपेनॉलनं २ तास. ८० अंशाला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवा. धुण्याआधी आणि नंतर वजन घ्या. १५०० डेनिअरचा १ मीटर म्हणजे ०.१६७ ग्रॅम, तेव्हा ५ मीटरची लडी घेतली तर साध्या ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवरही फिनिशचा टक्का कळतो. दुसऱ्यांदा सॉक्सलेट लावून वजन हललं नाही, तेव्हाच धागा धुतला म्हणायचं.

दुसरं, ३०० फिलामेंटचा गठ्ठा तसाच प्लाझ्माखाली धरला असेल तर वरच्या थरावर प्रक्रिया झाली, आतले कोरडेच. ५ डेनिअरचं एक फिलामेंट २२.४ मायक्रॉनचं. ३०० शेजारी शेजारी मांडले तर ६.७ मिमी रुंदी होते. म्हणजे पट्टी निदान ७ मिमी, प्रत्यक्षात १० मिमीपर्यंत पसरवली तरच एकेरी थर मिळतो. गोल दांड्यांच्या जोडीवरून नागमोडी ओढा, दांडे ॲल्युमिना सिरॅमिकचे किंवा आरशासारखे पॉलिश केलेले. साध्या स्टीलच्या खरखरीत गाइडवर हा तंतू लगेच पिंजारतो, आणि तुम्ही त्याला प्लाझ्माचा परिणाम समजून बसाल.

नंतर पट्टी पलटून दुसरी बाजू. एकाच बाजूनं १२० सेकंदांपेक्षा दोन बाजूंनी १५-१५ बरे.

मांजराकाठ (लातूर)

कामून एवढा खटाटोप? काचधागा घ्या, सायलेन (काच आणि रेझिन जोडणारं रसायन) लावलेला येतो, इपॉक्सी धरतो, स्वस्त मिळतो. विषय संपला.

बिडकीन_बीम

भाऊ, जिथं काच चालते तिथं काचच वापरावी, त्यात वाद नाही. पण काचेची घनता २.५५, या तंतूची १.४१. काच वारंवार घडी घातली की तुटते, हा तंतू घडीला आणि घासाला टिकतो. पाणी ०.१ टक्क्यापेक्षा कमी पितो, ताणून टांगला तर वर्षानुवर्षं लांबत नाही. १९९७ मध्ये मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं त्याच्या एअरबॅगा याच तंतूच्या होत्या. अवगुणही मोठे आहेत: दाब सहन होत नाही आणि ऊन तर अजिबात नाही. आपल्या उन्हात उघडी दोरी ठेवली तर पिवळी, मग तपकिरी पडते आणि ताकद जाते. वर आवरण हवंच.

मांजराकाठ (लातूर)

म्हंजे बोअरच्या मोटरीला उघडी नाही चालणार. बरं, चालू द्या तुमचं.

खडकपूर्णा

चाचणीवर बोलतो, कारण आकडे विखुरलेले असताना प्रक्रियेवर निष्कर्ष काढणं म्हणजे हलत्या तराजूवर सोनं तोलणं.

आधी थेंबाची लांबी. सूत्र साधं: चिकटण्याची ताकद म्हणजे बल भागिले (π × व्यास × थेंबाची लांबी). २२.४ मायक्रॉन व्यास, १०० मायक्रॉन थेंब, ताकद ३० मेगापास्कल धरली तर लागणारं बल ०.२१ न्यूटन. फिलामेंट तुटायला सुमारे १.२६ न्यूटन लागतात. थेंब लांब झाला की सुटण्याआधी फिलामेंटच तुटतं. ही मर्यादा या हिशोबानं ६०० मायक्रॉनच्या आसपास येते. केवलारवरचे निबंध वाचून कुणी तेच आकार उचलतात, पण केवलार १२ मायक्रॉनचा, तिथली मर्यादा याच्या निम्मी. तुमच्यासाठी ८० ते २०० मायक्रॉनचे थेंब. आणि ते सगळे एकाच मापाचे नकोत, मुद्दाम वेगवेगळे हवेत. बल विरुद्ध क्षेत्रफळ आलेख काढा, रेषेचा उतार म्हणजे ताकद. एकेक थेंबाची ताकद काढून सरासरी करण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, आणि बिघडलेला थेंब आलेखावर लगेच उघडा पडतो.

लोड सेल (बल मोजणारा भाग) ५ किंवा १० न्यूटनचाच हवा. कॉलेजातल्या ५० किलोन्यूटनच्या यूटीएमवर (ताण-चाचणी यंत्रावर) ०.२ न्यूटन मोजणं म्हणजे धान्याच्या काट्यावर केशर मोजणं.

ब्लेड: दाढीच्या दोन पात्या मायक्रोमीटर स्टेजवर. फट फिलामेंटपेक्षा जेमतेम काही मायक्रॉन जास्त. फट मोठी ठेवली तर पाती थेंबाच्या पोटात रुतते आणि थेंब फुटतो, सुटत नाही. वेग ०.१ मिमी प्रति मिनिट. फिलामेंट कागदी चौकटीवर चिकटवताना सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) वापरू नका, ते फिलामेंटच्या अंगानं केशिकाक्रियेनं धावत थेंबापर्यंत पोचतं. जाड इपॉक्सी वापरा.

आता मुख्य चोर: थेंबातला हार्डनर. इतक्या लहान थेंबाचं पृष्ठफळ आकारमानाच्या मानानं प्रचंड. अमाइन उडून जातं, शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कार्बामेट होऊन वाया जातं. थेंब कडक दिसतो, पण आत प्रमाण बिघडलेलं. सुईनं दाबा, खूण उमटली तर तो थेंब बाद. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशाला गेलेली असते तेव्हा हे दुपटीनं जाणवतं. उपाय: मिश्रण केल्यावर २०-३० मिनिटं थांबून थोडं दाट झाल्यावर थेंब ठेवा, चौकट झाकणाच्या पेट्री डिशमध्ये ठेवा आणि त्याच डिशमध्ये त्याच मिश्रणाची छोटी वाटी ठेवा, म्हणजे आतली हवा अमाइननं भरलेली राहते. त्याहून बरं म्हणजे जड पॉलिइथरअमाइन हार्डनर.

प्रमाणही तपासा. १००:१० हे लोक डोळे मिटून लिहितात. रेझिनचा इपॉक्सी तुल्यभार १८८ आणि शुद्ध टेटाचा २४.४ धरला तर १०० भागांना १३ भाग लागतात. बाजारातले हार्डनर शुद्ध टेटा असतीलच असं नाही, म्हणून डब्यावरचा तुल्यभार घेऊन स्वतः भागाकार करा.

तानाबाना (नांदेड)

खडकपूर्णा सर, धन्यवाद. फट मोठी होती हे आता कळतंय, बरेच थेंब फुटलेलेच आहेत. सॉक्सलेट आणि झाकणाची डिश लगेच करता येईल. पण १२० सेकंदांचा नमुना ३० पेक्षा कमी का, हे अजून उमगलं नाही. दोन्ही नमुन्यांची चाचणी एकाच दिवशी, एकाच मिश्रणाची होती. पाणी तर १२० वर जास्त पसरतं.

निमॅटिक

आता त्या सोपटाकडे येऊ.

द्रवस्फटिकी पॉलिमरांची रचना घरात घर अशी असते. सॉयर आणि जॅफे यांनी १९८६ साली मांडलेलं चित्र आजही कामाला येतं: सुमारे ५ मायक्रॉनचे मॅक्रोफायब्रिल, त्यात अर्ध्या मायक्रॉनचे फायब्रिल, त्यात ०.०५ मायक्रॉनचे, म्हणजे ५० नॅनोमीटरचे मायक्रोफायब्रिल. या पातळ्यांना आडवं बांधणारं फारसं काही नाही. वर एक जास्त लागलेली कातडी.

इपॉक्सी कातडीला घट्ट धरायला लागलं की पुढची कमजोर जागा म्हणजे कातडीच्या खालचा जोड. ओढल्यावर थेंबाबरोबर सालपट निघतं. त्यापुढे तुम्ही इपॉक्सी आणि कातडी यांच्यात वेल्डिंग केलंत तरी आकडा वाढणार नाही. या तंतूची कमाल मर्यादा रसायन ठरवत नाही, सालपट ठरवतं. पाणी पसरणं आणि चिकटणं यांची फारकत होते ती इथेच.

१२० सेकंदांत दोन गोष्टी होतात. एक, प्लाझ्मा साखळ्या तोडून पृष्ठभागावर लहान रेणूंचा ऑक्सिडाइज झालेला चिखल करतो. पाण्याला तो आवडतो म्हणून थेंब पसरतो. पण इपॉक्सी त्या चिखलावर उभं राहतं, खडकावर नाही. दोन, कातडीच कुरतडली जाते.

चिखल आहे का ते बघायची युक्ती: प्रक्रिया केलेल्या लडीचे दोन भाग करा. एक भाग डिस्टिल्ड पाणी आणि नंतर आयसोप्रोपेनॉलमध्ये खळबळून वाळवा. दोघांचे संपर्ककोन (पाणी पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतं तो; कमी म्हणजे जास्त पसरतं) मोजा. धुतलेल्याचा कोन परत वर गेला तर तुमचं ‘ऑक्सिडेशन’ गटारात गेलं. तसा चिखल ३० सेकंदांतही थोडा असतोच, म्हणून प्रक्रियेनंतर एक धुणं मी नेहमीच्या क्रमात ठेवायला सांगेन.

संपर्ककोन मोजताना फिलामेंटवर थेंब ठेवून बाजूनं फोटो काढू नका. २२ मायक्रॉनच्या दांडीवर थेंब मण्यासारखा ओवला जातो, त्याचा दिसणारा कोन खरा नसतो. विल्हेल्मी पद्धत हवी: फिलामेंट मायक्रोबॅलन्सला टांगून द्रवात बुडवायचं आणि बल मोजायचं. परिघ ७० मायक्रॉन, पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे पूर्ण भिजलेल्या फिलामेंटवर बल ५ मायक्रोन्यूटनच्या आसपास, अर्ध्या मिलिग्रॅमएवढं. तराजू त्या तोडीचा लागतो.

बिडकीन_बीम

आणि कृपा करून ‘सेकंद’ लिहू नका. सेकंदांनी काही कळत नाही. प्रति चौरस सेंटिमीटर किती ज्यूल दिले ते लिहा. १०० वॉट, इलेक्ट्रोड २० सेमी रुंद, पट्टी मिनिटाला १ मीटर, म्हणजे सेकंदाला १.६७ सेमी: १०० भागिले (२० × १.६७), म्हणजे ३ ज्यूल. हा आकडा दुसऱ्या कुणाला त्याच्या यंत्रावर पुन्हा आणता येतो. जोडीला हवेची आर्द्रताही लिहा. मराठवाड्यात मार्चच्या दुपारची हवा आणि ऑगस्टची हवा यांत डीबीडीचा डिस्चार्ज सारखा राहत नाही. शिवाय कोरड्या दिवसांत स्थिर विद्युत इतकी होते की पसरवलेले फिलामेंट उडून इलेक्ट्रोडला चिकटतात. दांडे अर्थिंगला जोडा.

प्लाझ्मानंतर धागा कपाटात ठेवू नका. धुवा, वाळवा, आणि त्याच दिवशी रेझिन लावा.

खडकपूर्णा

प्रत्येक पायरीला दोन आकडे हवेत, एक चिकटण्याचा आणि एक फिलामेंटच्या ताकदीचा. पहिला वाढला आणि दुसरा पडला तर ती प्रक्रिया नव्हे, नासधूस.

निदान ३० फिलामेंट, गेज लांबी (दोन पकडींमधला भाग) २५ मिमी, आणि वायबुल आलेख (तुटण्याच्या ताकदीचा विखुरलेपणा दाखवणारा). व्यास सूक्ष्मदर्शकात मोजण्यापेक्षा डेनिअर आणि घनतेवरून काढा. मॉड्युलस हवा असेल तर १०, २० आणि ४० मिमी अशा तीन गेजवर मोजून यंत्राची स्वतःची लवचीकता वजा करा, नाहीतर मॉड्युलस कमी दिसतो.

सूत पातळीवर मोजायचं असेल तर साधे जबडे चालत नाहीत, धागा घसरतो किंवा जबड्याच्या तोंडाशीच तुटतो. कॅप्स्टन ग्रिप लागते, म्हणजे धागा गोल दांड्याला गुंडाळून धरणारी पकड. पीळगुणक १.१ ठेवा, १५०० डेनिअरला इंचाला २.०७, मीटरला सुमारे ८२ पीळ. पीळ प्रक्रियेनंतर द्यायचा, आधी नाही.

आणि सुटलेल्या जागेचं एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो. कमी व्होल्टेज, ५ किलोव्होल्टच्या आसपास, वर सोन्याचा पातळ थर. फिलामेंट गुळगुळीत, उघडं दिसलं तर जोड सुटला, प्रक्रिया अजून वाढवायला वाव आहे. रिबिनीसारखी साल उचकटलेली दिसली तर निमॅटिक सर म्हणतात तेच, थांबायची वेळ आली. हा एक फोटो दहा संपर्ककोनांपेक्षा जास्त बोलतो.

गोदाकाठ

प्लाझ्मा नसेल त्यांच्यासाठी दोन ओल्या वाटा.

पहिली, सौम्य कॉस्टिक सोडा. एस्टर बंध तुटून कार्बोक्सिल आणि फिनॉलिक हायड्रॉक्सिल मिळतात, दोन्ही इपॉक्सीला आवडतात. धोका असा की अल्कली थांबत नाही, खात जाते. इथे तराजूच तुमचा सूक्ष्मदर्शक. २२.४ मायक्रॉनच्या फिलामेंटचं १ टक्का वजन गेलं तर त्रिज्या ०.०५६ मायक्रॉननं घटली, म्हणजे वर सांगितलेल्या मायक्रोफायब्रिलचा साधारण एक थर. ५ टक्के गेलं तर ०.२८ मायक्रॉन. आपल्याला एक थरही पुरेसा आहे. खोलीच्या तापमानाला, कमी तीव्रतेनं सुरू करा, वजनघट १ टक्क्याच्या आत राहील अशी वेळ शोधा. नंतर पाणी, पातळ ॲसेटिक आम्ल, परत पाणी, धुण्याचा पीएच उदासीन येईपर्यंत. कॉस्टिकचा अंश राहिला तर क्युअर आणि आकडे दोन्ही फसवतात.

दुसरी वाट काहीही न खाता वर लेप चढवायची: पॉलिडोपामाइन. २००७ पासून लोक वापरतात, कृती सोपी. ट्रिस बफर १० मिलिमोलर (१ लिटरला १.२१ ग्रॅम), हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ८.५, त्यात डोपामाइन हायड्रोक्लोराइड लिटरला २ ग्रॅम, उघड्या भांड्यात २४ तास ढवळायचं. ऑक्सिजन लागतो, म्हणून झाकण घट्ट नको. द्रावण आधी गुलाबीसर, मग चहासारखं, मग काळं. बिघडतं ते इथे: जास्त वेळ ठेवलं की द्रावणातच कण तयार होऊन फिलामेंटवर रवा बसतो. तो सैल असतो आणि त्याच्यावर चिकटलेलं इपॉक्सी त्याच्यासकट सुटतं. पसरवलेली पट्टी उभी टांगा, ढवळणं चालू ठेवा, बाहेर काढल्यावर भरपूर पाण्यानं धुवा.

वर इपॉक्सी-सायलेन चढवायचं असेल तर ९५:५ इथेनॉल-पाणी, ॲसेटिक आम्लानं पीएच ४.५ ते ५, १ टक्का सायलेन, तासभर मुरू द्या, मग बुडवून ११० अंशाला १०-१५ मिनिटं. नुसत्या धुतलेल्या व्हेक्ट्रानवर सायलेन लावण्यात अर्थ नाही, त्याला पकडायला हायड्रॉक्सिल नाही. अनेक जण इथे फसतात.

डोपामाइन महाग पडतं. टॅनिक आम्ल आणि पॉलिअमाइन जोडीनंही पॉलिडोपामाइनसारखाच लेप बसतो.

मांजराकाठ (लातूर)

टॅनिन म्हंजे हिरड्याचंच की! सुती कापडाला रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यातून काढतात. तेच घ्या मग, आयुर्वेदाच्या दुकानात मिळतं.

गोदाकाठ

तत्त्व अगदी तेच, भाऊ. पण हिरड्याच्या काढ्यात साखर, गोंद, रंगद्रव्यं, सगळं येतं, आणि दर पोत्याला प्रमाण बदलतं. संशोधनाच्या नमुन्याला शुद्ध टॅनिक आम्लच बरं. कापड रंगवायला हिरडाच झकास.

दुधना (परभणी)

पृष्ठभाग बघायची एक वेगळी रीत सुचवतो. एक्सपीएसच्या रांगेत थांबायच्या आधी हाताशी असलेल्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर होते. लहान रेणूचा थर्मोट्रॉपिक द्रवस्फटिक घ्यायचा आणि फिलामेंट त्यात बुडवायचं. द्रवस्फटिकाचे रेणू पृष्ठभागाला समांतर बसतात की उभे, हे पृष्ठभागाच्या रसायनावर आणि खरखरीतपणावर ठरतं, आणि ते डोळ्यांना दिसतं.

५सीबी घ्या. सायानोबायफिनाइलचं हे कुटुंब १९७३ मध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं आणलं, घड्याळा-कॅल्क्युलेटरचे पडदे त्यावरच उभे राहिले. काचपट्टी आणि कव्हर ग्लास यांच्यात १०० मायक्रॉनचा स्पेसर, म्हणजे २२ मायक्रॉनच्या फिलामेंटपासून काच लांब राहते. स्पेसर पातळ ठेवलात तर काचेचाच प्रभाव दिसेल. दोन्ही काचा आतून मखमलीनं एकाच दिशेला घासलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या थराच्या, फिलामेंट घासण्याच्या दिशेला आडवं.

मुख्य खबरदारी: फिलामेंट स्वतःच प्रचंड द्विअपवर्तक (प्रकाशाचं ध्रुवण बदलणारं) आहे, ४५ अंशाला दिव्यासारखं झगमगतं आणि शेजारचं काही दिसू देत नाही. त्याचा अक्ष पोलरायझरला समांतर ठेवा. मग फिलामेंट काळं, काचेनं लावलेला द्रवस्फटिकही काळा, आणि फिलामेंटच्या कडेनं जिथं उजेड दिसतो तिथं रेणू वळलेले. पृष्ठभागावर रेणू उभे बसत असतील तर फिलामेंटला लागून लांबीभर दोषरेषा (रेणूंची रांग जिथं मोडते त्या रेषा) धावतात. धुतलेला, न धुतलेला, प्लाझ्मावाला आणि प्लाझ्मानंतर धुतलेला असे चार शेजारी ठेवा. एकाच फिलामेंटवर पट्टे-पट्टे दिसले तर प्रक्रिया असमान आहे. त्यासाठी याहून स्वस्त चाचणी मला ठाऊक नाही. आकडा मात्र देत नाही, तुलना देते.

निमॅटिक

छान सुचवलंत. जोडीला एवढंच, फिनिश ५सीबीमध्ये विरघळू शकतं, म्हणून न धुतलेल्या नमुन्याचं चित्र पहिल्या काही मिनिटांतच घ्या.

(द्रवस्फटिकांत आपल्याकडचंही मोठं काम आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवं. चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होतात हे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.)

तानाबाना (नांदेड)

सगळ्यांचे आभार. असा क्रम लावतो: सॉक्सलेट आणि वजन, ७ मिमीहून रुंद पट्टी, दोन्ही बाजूंनी डीबीडी, १ ते १० ज्यूलमध्ये चार पायऱ्या, प्रत्येक पायरीचा अर्धा भाग धुतलेला, त्याच दिवशी थेंब, झाकलेल्या डिशमध्ये, बल-क्षेत्रफळ आलेख, ३० फिलामेंटची ताकद, एसईएम. पॉलिडोपामाइन फक्त तुलनेला एक.

५सीबी काल इथल्या रसायन विभागाकडून थोडं मिळालं. बाटली पाहिली तर आतला द्रव अगदी पाण्यासारखा स्वच्छ, दुधाळपणा नाही. सूक्ष्मदर्शकातही काळंकुट्ट, कुठलंच टेक्श्चर नाही. माल खराब झाला का?

दुधना (परभणी)

खोलीचं तापमान किती होतं?

तानाबाना (नांदेड)

३९.

दुधना (परभणी)

माल ठीक आहे. ५सीबी ३५ अंशाच्या वर द्रवस्फटिक राहतच नाही, साधा द्रव होतो. एसी लावून २८ ला आणा, दुधाळ होईल. फार थंड करू नका, २४ च्या खाली गोठायला लागतं. एसी नसेल तर ई७ हे द्रवस्फटिकांचं मिश्रण मागवा, ते ५८ अंशांपर्यंत टिकतं. आणि नमुने एक्सपीएसला पाठवाल तेव्हा झिप पिशवीत घालू नका, प्लास्टिकमधलं स्लिप एजंट (पिशवी निसरडी ठेवणारं रसायन) धाग्यावर बसतं. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पाठवा, चकाकती किंवा मंद, कुठलीही बाजू आत चालेल, पण फॉइल आधी ॲसिटोननं पुसून. हाताला तेल-क्रीम लावलेलं नको, सिलिकॉनचा पीक १०२ इलेक्ट्रॉनव्होल्टला लगेच डोकं वर काढतो.